दाराकडे पाठ

मी लिफ्टमध्ये शिरलो तेव्हा ती दाराकडे पाठ करून उभी होती.

एकटी नव्हती. सोबत दोन मुली आणि एक चष्मेवाला. चौघंही मागच्या भिंतीकडे तोंड करून, गप्प, वर्गात शिक्षा झाल्यासारखे उभे. मागच्या भिंतीला आरसा होता. मी अवजारांची पिशवी खाली ठेवली, वरच्या मजल्याचं बटण दाबलं आणि नेहमीसारखा दाराकडे तोंड करून उभा राहिलो.

दार बंद झालं. लिफ्ट निघाली.

थोड्याच वेळात मला मानेला खाज सुटली. मागे चार माणसं, आणि चौघांच्याही पाठी माझ्याकडे... काहीतरी आपलंच चुकतंय असं वाटायला लागलं. मी आधी खांदा वळवला. मग एक पाऊल. मग पिशवी पायाने हळूच सरकवली, आणि शेवटी आख्खा वळून त्यांच्या शेजारी आरशाकडे तोंड करून उभा राहिलो. बरं वाटलं.

तेवढ्यात आरशात तिची नि माझी नजर भेटली. तिने ओठ घट्ट मिटले होते. हसू दाबून दाबून डोळ्यांत पाणी आलं होतं.

वर पोचल्यावर अर्थातच आमच्या पाठीमागे दार उघडलं. मी पिशवी उचलून निघालो, तर ती मागोमाग आली.

"अहो, एक विचारू? तुम्ही का वळलात?"

"सगळे तिकडे तोंड करून होते म्हणून."

"पण दार तर इकडे होतं."

"मला वाटलं... मागच्या बाजूनेही उघडत असेल."

तिने माझ्या पिशवीकडे पाहिलं. मग शर्टाच्या खिशावर शिवलेल्या कंपनीच्या नावाकडे.

"या इमारतीची लिफ्ट कोण दुरुस्त करतं हो?"

मी पिशवी पाठीमागे घेतली. "मीच."

आता मात्र तिला हसू आवरेना. भिंतीला हात टेकवून ती हसली. तिचे सोबतीही हसले, पण त्यांचं हसणं मला टोचलं आणि तिचं नाही. का ते तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, ते मला हसत होते, आणि ती खूश झाली होती.

"म्हणजे मागे दार नाही, हे अख्ख्या जगात कोणाला पक्कं माहीत असेल तर ते तुम्हाला," ती म्हणाली. "आणि तरी वळलात. इतक्या दिवसांत असा नमुना मिळाला नव्हता."

"नमुना कोणाला म्हणता?"

"रागावू नका. आमच्या अभ्यासात तो मानाचा शब्द आहे."

ती समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा विभाग त्याच इमारतीत, आठव्या मजल्यावर. खाली सगळी कार्यालयं. लिफ्टमध्ये लोक कसे वागतात आणि का, यावर तिचा प्रबंध होता. मला ते ऐकून मनातून हसू आलं. लिफ्टचा अभ्यास करायचा तर मोटर आहे, दोर आहेत, ब्रेक आहे. आत उभ्या राहिलेल्या माणसांत काय बघायचं?

हे मी तिला बोलूनही दाखवलं, पुढच्या खेपेला, तळमजल्यावरच्या कॅन्टीनमध्ये. पुढची खेप लवकरच आली होती. दार कुरकुरतंय अशी तक्रार होती. म्हणजे, मीच ती लिहिली होती.

"आत शिरल्यावर माणूस आकड्यांकडे का बघतो?" तिने चहा ढवळत विचारलं. "मजला यायचा तेव्हा येणारच ना?"

"मग बघायचं कुठे?"

"बघा, हेच. बघायचं कुठे, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोणीच नाही."

"आणि तरी सगळ्यांना येतं. आवाज खाली आणायचा, कोपरं आत घ्यायची, अनोळखी माणसाच्या डोळ्यांत बघायचं नाही. कुठे लिहिलेलं नाही. पण मोडून बघा, लोक असे बघतात की दंड परवडला." ती माझ्याकडे झुकली. "लोक म्हणतात समाज, समाज. जसा काही लांब कुठेतरी बसलाय. चार माणसं आणि एक बंद दार — झाला समाज."

"आणि तुम्ही मग त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहता."

"समाजाकडे नाही, दाराकडे. दाराकडे तोंड केलं की नुसतं दार दिसतं. इकडून माणसं दिसतात."

तिचा चहा गार झाला होता. बोलायला लागली की तिचा चहा नेहमी गार व्हायचा. मी गरम चहा पिणारा माणूस, पण त्या दिवशी माझाही झाला.

त्यानंतर त्या इमारतीतली लिफ्ट फार वेळा बिघडायला लागली. आमच्या उस्तादांनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो त्यांनी, एकदा मला थांबवलं.

"कुठे निघाला?"

"त्या कॉलेजच्या इमारतीत. दार कुरकुरतंय."

"त्या दाराला तू इतकं ग्रीस लावलंस की आता त्यात पुऱ्या तळता येतील. लिफ्ट बरी आहे रे. तूच आजारी दिसतोस."

मी पिशवी खांद्याला लावली. कान गरम झाले एवढंच. तिला सांगितलं तर म्हणाली, "कान गरम होणं हीसुद्धा समाजाचीच कामगिरी. उस्ताद नसते तर झाले असते का?" तिला कशातही तेच दिसायचं. आणि तिच्या नादाने मलाही दिसायला लागलं. रिकाम्या बसमध्ये कोणी अगदी आपल्याच शेजारी येऊन बसला तर आपण का दचकतो. रांगेत पुढचा माणूस सरकला की काम नसताना आपणही पाऊलभर का सरकतो. कामाचा शर्ट घातला की मी बायामाणसांसमोर मान खाली का घालतो, आणि साध्या शर्टात का नाही. जन्मभर ज्या रस्त्याने गेलो त्यावर कोणीतरी दिवे लावत चाललंय असं वाटायचं.

एकदा कॅन्टीनमधून निघताना बारीक पाऊस लागला. तिच्याकडे छत्री होती. बसथांब्यापर्यंत आम्ही एका छत्रीतून गेलो.

"गंमत बघा," ती चालता चालता म्हणाली. "एका छत्रीत दोन ओळखीचे असले की दोघांचाही एकेक खांदा भिजतो. मधे जागा सोडतात ना. छत्री कितीही मोठी असू दे."

मी माझा उजवा खांदा पाहिला. ओला होता. तिचा डावाही. पाऊस वाढला, छत्रीवर त्याचा आवाज घुमायला लागला. थांब्यावर पोचलो तेव्हा तिने छत्री मिटली, आणि मग माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. निघालो तेव्हाच खांदा भिजला होता. नंतरचा पाऊस मोठा होता, तरी खांदा तेवढाच भिजलाय."

"मोठी छत्री आहे," मी म्हटलं.

"हो ना," ती म्हणाली. "फारच मोठी."

आणि बस आली. एरवी मी बसला शिव्या देतो त्या उशिरा येण्याबद्दल. त्या दिवशी वेळेवर आली म्हणून दिल्या.

मग तिने एक प्रयोग काढला. "उद्यापासून मला अहो म्हणायचं नाही. अगं म्हणायचं."

"जमणार नाही."

"का? तोंडाला काय होतं?"

"जीभ वळत नाही. तुम्ही शिकलेल्या..."

"तुम्ही?"

"तू... शिकलेली."

"मेलास का?"

"नाही."

"मग झालं तर. नमुन्यापुढे लिहिते — जिवंत आहे."

हे असं हसत खेळत चाललेलं, एक दिवस ती कॅन्टीनमध्ये आली आणि चहा न सांगताच बसली. तिच्यासाठी घरी स्थळं बघायला लागले होते. वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. तिने घरी माझ्याबद्दल सांगितलं होतं, आणि वडील म्हणाले होते, रविवारी संध्याकाळी घेऊन ये, बघू. आई, दादा आणि आत्या असे सगळे असणार होते.

"काय सांगितलंस माझ्याबद्दल?"

"लिफ्टच्या कंपनीत आहे म्हणून." तिने टेबलावरचं पाणी बोटाने पुसलं. "खोटं नाही ना ते?"

"खोटं नाही."

"आईने तुला आमच्या इमारतीत पाहिलंय रे, कामाच्या कपड्यांत. म्हणून म्हणते, रविवारी... मेकॅनिक म्हणून नको येऊस. नुसता माणूस म्हणून ये. एकदा बोलणं झालं की पुढचं मी बघते. बाबा एकदा नाही म्हणाले की नाहीच. त्यांचं पहिलं मत तेच शेवटचं."

तिच्या घराच्या इमारतीची लिफ्टही आमच्याच कंपनीकडे होती. मी हो म्हटलं. नवा शर्ट घेतला, फिका निळा. उस्तादांनी कंपनीत उभ्या उभ्या उपदेश केला. "पाय हलवू नकोस. चहाचा आवाज करू नकोस. आणि त्यांच्या घरात काहीही मोडकं दिसलं तरी हात लावू नकोस. खिशातला तो स्क्रूड्रायव्हर इथे ठेव."

स्क्रूड्रायव्हर मी ठेवला नाही. खिसा रिकामा लागायला लागला की मला चालताच येत नसे.

रविवारी वेळेआधी पोचलो. वॉचमन ओळखीचा. त्याने हात वर केला, मीही केला. मनात पाठ केलेली वाक्यं घोळवत होतो. नमस्कार, मी अमुक, घरी आई आणि एक धाकटी बहीण, बहिणीचं शिक्षण चालू आहे... घोळवत घोळवत सहाव्या मजल्यावर आलो आणि बेल वाजवली.

दार तिच्या आईने उघडलं. त्यांच्या मागे ओटा दिसला, गॅसवर चहाचं आधण, ताटलीत मांडलेली बिस्किटं.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होतो.

समोरच्या काचेच्या दाराने न जाता मी इमारतीला वळसा घालून मागे गेलो होतो आणि सामानाच्या लिफ्टने वर आलो होतो. कामाला येतो तसा. मला कोणी पाठवलं नव्हतं. पाय गेले.

"आलात का, बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "सकाळपासून फोन करतेय तुमच्या कंपनीला. पुढची लिफ्ट खाली अडकलीय, दार मिटतच नाही. आज नेमके पाहुणे यायचेत आमच्याकडे. तेवढं लवकर उरका हं, दादा."

आता सांगायचं होतं, मीच तो. वाक्यं पाठ होती. तोंड उघडलं आणि त्यातून आलं —

"हो. लगेच करतो."

आणि मी खाली गेलो.

लिफ्ट तळमजल्यावर उघडी पडली होती. दार मिटायला यायचं आणि अर्ध्यातून परत फिरायचं. मी गुडघ्यांवर बसलो आणि स्क्रूड्रायव्हर काढला. दाराखालच्या खाचेत कोणाच्या तरी कोटाचं बटण अडकलं होतं. ते निघेना. नव्या शर्टाची बाही काळी झाली, मग पोटावर एक पट्टा उठला. खरं सांगायचं तर त्या खाचेपुढे वाकल्यावर मला बरं वाटलं. मघापासून पहिल्यांदाच कळत होतं की हात कुठे ठेवायचे.

"तू इथे आहेस?"

ती जिना उतरून आली होती. धापा टाकत होती. "वर सगळे वाट बघतायत. मला वाटलं तू येतच नाहीस. काय करतोयस हे?"

"लिफ्ट अडकलीय," मी म्हटलं. "पाहुणे यायचेत."

"कोण पाहुणे?"

मी बटण हातात धरून तिच्याकडे पाहिलं.

"मी," मी म्हटलं.

ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. माझ्यासमोर लिफ्टच्या उंबऱ्यावर बसली, चांगल्या कपड्यांत.

"कोणी काही म्हणालं का? वॉचमन? आई?"

"कोणीच नाही गं. वॉचमनने तर हात केला. तुझी आई दादा म्हणाली. मीच मागे गेलो. डोकं पुढच्या दाराने जायला निघालं होतं, पाय मागच्या. तू शिकवतेस तेच. न लिहिलेलं." मी बटण खिशात टाकलं. "बघ, आज एकदा गेलो. उद्या लग्न झालं तरी मी तुझ्या घरी मागच्याच दाराने येईन. ते तुला दिसेल, आणि तुला वाईट वाटेल. त्यापेक्षा मी..."

"पायांना नावं ठेवू नकोस," ती म्हणाली. "मी काय म्हटलं होतं तुला? मेकॅनिक म्हणून येऊ नकोस. मी समाजशास्त्र शिकते, लोकांच्या भूमिका मोजते, आणि माझ्याच माणसाला म्हटलं की तुझी भूमिका घरी ठेवून ये. तू मागच्या दाराने आलास, त्याआधीच मी तुला तिथे उभं केलं होतं."

मी दाराखालच्या खाचेवरून एकदा बोट फिरवलं.

"झालीय का लिफ्ट?" तिने विचारलं.

"झालीय."

"चल मग."

आम्ही आत गेलो. मी सहाचं बटण दाबलं आणि दाराकडे तोंड करून उभा राहिलो. ती माझ्यासमोर आली आणि दाराला पाठ करून, माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. इतक्या जवळ की आकड्यांकडे बघायची सोय उरली नाही.

"हे वर, सगळ्यांसमोर, नीट शब्दांत सांगणार होते," ती म्हणाली. "पण इथेच सांगते. मला तूच हवा आहेस. बाबा हो म्हणाले तर आनंद आहे, नाही म्हणाले तर भांडण आहे. पण उत्तर तेच आहे. तुझं काय?"

लिफ्ट चालली होती. मी जन्मभर लिफ्टा चालवल्या, दुरुस्त केल्या, पण एखादी इतकी वेगाने वर गेलेली मला आठवत नाही.

"माझं... तेच," मी म्हटलं.

"तेच म्हणजे काय? नमुन्याने पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं असतं."

"मला तू हवी आहेस," मी म्हटलं, आणि दार उघडलं.

समोर सगळे उभे होते. लिफ्टचा आवाज ऐकून बाहेर आले होते. आधी त्यांना तिची पाठ दिसली, मग ती बाजूला झाली आणि मी दिसलो. निळा शर्ट, त्यावर काळा पट्टा, हातात स्क्रूड्रायव्हर.

"अगंबाई," तिची आई म्हणाली, "हे तर लिफ्टवाले."

"हो," ती म्हणाली. "हाच तो. लिफ्टच्या कंपनीत लिफ्ट दुरुस्त करतो. परवा अर्धंच सांगितलं होतं मी."

तिच्या आईचा हात पदराशी गेला आणि तिथेच राहिला. वडील माझ्याकडे बघत होते. कामाला आलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते त्यांना येत होतं, मुलीसाठी आलेल्या मुलाशी कसं तेही. दोन्ही एकाच शर्टात आलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांची दया आली.

पहिली बोलली ती आत्या. काठीवर भार देऊन ती पुढे आली आणि लिफ्टमध्ये वाकून पाहिलं.

"मिटतंय का दार आता?"

"हो, आत्या."

"बघ," ती भावाकडे वळली. "मुलगा पहिल्यांदा घरी येतो, आणि पाणी प्यायच्या आधी तुझी लिफ्ट नीट करतो. तुझा मुलगा गेलं वर्षभर माझ्या खोलीतला दिवा बदलतोय."

"आत्या, शिडी नाहीये," दादा म्हणाला.

"हो रे बाबा. शिडी नाहीये."

तिच्या आईला हसू फुटलं. वडील मात्र हसले नाहीत. ते आत गेले, आणि मला वाटलं, संपलं. पहिलं मत तेच शेवटचं. पण ते परत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर टॉवेल होता.

"हात धुऊन घ्या," ते म्हणाले.

मी सवयीने स्वयंपाकघराच्या दिशेला वळलो.

"तिकडे नाही," ते म्हणाले. "या, इकडून." आणि मला पुढच्या दाराने, बैठकीच्या खोलीतून, स्वतःच्या खोलीतल्या बेसिनपाशी घेऊन गेले. मी हात धूत होतो तोवर बाजूला उभे राहिले. मग खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातात दिला. तो कोरा नव्हता. त्यांचा रोजचा होता. होकार त्यांनी शब्दांत पुढच्या आठवड्यात दिला, पण मला तो तेव्हाच मिळाला.

पुढे ती त्याच आठव्या मजल्यावर शिकवायला लागली. दर वर्षी नव्या मुलांना पहिल्या तासाला ती ही गोष्ट सांगायची. भूमिका म्हणजे काय, न लिहिलेले नियम म्हणजे काय, माणूस दुसऱ्यांच्या डोळ्यांत स्वतःला कसा बघतो. सगळं आमच्या त्या रविवारावरून. मी म्हणायचो, अगं, किती पिढ्यांना माझी फजिती सांगशील? ती म्हणायची, तुझी नाही रे, माझी सांगते. मी एकदा दाराबाहेर उभा राहून ऐकलं. खरंच, ती स्वतःचीच सांगत होती. माझा भाग सांगताना तिचा आवाज असा व्हायचा की पुढच्या बाकावरच्या मुली एकमेकींना कोपर मारायच्या.

आता ती नाही. ती गेल्यापासून लोक माझ्याशी हळू आवाजात बोलतात. मी हसलो की त्यांना अवघड होतं, म्हणून मीही चेहरा जरा पाडून ठेवतो. बायको गेलेल्या माणसाचीही एक भूमिका असते, न लिहिलेली. तिला हे सांगता आलं असतं तर तिने लगेच विचारलं असतं — तोंडाला काय होतं? काही होत नाही, म्हणून ही गोष्ट सांगितली.

परवा चष्मेवाल्याचा फोन आला. तो आता विभागाचा प्रमुख आहे. "काय नमुना," तो म्हणाला, "नव्या मुलांचा पहिला तास आहे. गोष्ट कोणीतरी सांगायला हवी. येताय ना?"

मी गेलो. पुढच्या दाराने. लिफ्टमध्ये कोणी नव्हतं. आठाचं बटण दाबलं, दाराकडे तोंड करून उभा राहिलो, दार मिटलं. मग आधी खांदा वळवला. मग पाऊल. आरसा बदललाय, मोठा लावलाय. त्यात माझ्या शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा होती. मी ती सोडूनच उभा होतो.

तिसऱ्या मजल्यावर फायलींचा गठ्ठा घेऊन एक बाई आत आल्या. दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचा खांदा वळला. मग एक पाऊल... आणि आरशात आमची नजर भेटली.

"काका," त्यांनी हळूच विचारलं, "मागूनही उघडतं का दार?"

"नाही हो," मी म्हटलं. "मी दुरुस्त करायचो ही लिफ्ट. मला पक्कं माहीत आहे."

"मग असे का उभे आहात?"

"इकडून माणसं दिसतात," मी म्हटलं.

त्या हसल्या. आठवा मजला आला.